शेवटच्या नळाचा हिशेब

पाणीपुरवठ्याचं जाळं आखायला बसलं की आधी एक ठिकाण शोधावं लागतं: त्या भागातला सगळ्यात उंचावरचा, नाहीतर सगळ्यात लांबचा नळ. टाकीपासून तिथपर्यंत पाणी जाईस्तोवर वाटेतले सगळे आपापलं पाणी घेणार, पाइपात घासून दाब घटणार, चढावर आणखी घटणार. हे सगळं वजा जाता त्या शेवटच्या नळाला किती दाब उरतो, यावर जाळं पास की नापास ते ठरतं. केंद्र सरकारच्या १९९९ च्या नियमपुस्तिकेत त्याचे आकडे दिले होते: एकमजली घरांच्या भागात सात मीटर, दुमजलीत बारा, तीनमजलीत सतरा. टाकीच्या तोंडाशी दाब कितीही चांगला असला तरी या परीक्षेत त्याचे गुण मिळत नाहीत. शेवटच्या नळाला पाणी नीट पोचलं, तर मधल्या कुणाला कमी पडत नाही.

कॉलेजात हे मी गणित म्हणून शिकले आणि परीक्षेत सोडवलं. पुढे मुंबईच्या पूर्व उपनगरांतल्या टेकड्यांवर काम करायला लागले, तेव्हा त्याचा खरा अर्थ उमगत गेला. शहराने आपल्या सोयी कशा वाटाव्यात, या प्रश्नाचं याहून नेमकं उत्तर मला दुसऱ्या कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

मी स्थापत्य अभियंता. सुरुवातीची वर्षं एका सल्लागार कंपनीत नळजाळ्यांची सर्वेक्षणं केली. नंतरची बरीच वर्षं वस्त्यांना कायदेशीर नळजोडण्या मिळाव्यात म्हणून धडपडणाऱ्या गटांबरोबर काढली. घाटकोपरपासून भांडुपपर्यंतच्या उतारावरच्या वस्त्या आणि गोवंडी-मानखुर्दकडच्या सखल भागातल्या वस्त्या, हे माझं कामाचं क्षेत्र. वस्त्यांची आणि माणसांची नावं इथे देत नाही, कारण तिथल्या कितीतरी घरांचे अर्ज आजही कुठल्या ना कुठल्या टेबलावर आहेत.

आधी मुंबईच्या सरासरीबद्दल बोलते, कारण माझं बरंचसं आयुष्य तिच्याशी भांडण्यात गेलं. या शहराला नळाचं पाणी मिळालं ते १८६० मध्ये, विहार तलावातून. मग तुळशी आला, १८९२ मध्ये तानसा आला. स्वातंत्र्यानंतर वैतरणेवरचं मोडकसागर, अप्पर वैतरणा, भातसा आणि शेवटी २०१४ मध्ये मध्य वैतरणा. सात तलावांतून आज रोज सुमारे ३,८५० दशलक्ष लिटर पाणी येतं. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या १ कोटी २४ लाख होती. त्या आकड्याने भागाकार केला तर माणशी तीनशे लिटरच्या वर पाणी निघतं. लोकसंख्या आज दीड कोटी धरली, तरी अडीचशेच्या वर. यातून उद्योग, रुग्णालयं, हॉटेलं आणि गळती वजा केली तरी कागदावर शहर तहानलेलं दिसत नाही. म्हणूनच बैठकांत कुणी ही सरासरी मांडली की मी विचारते, सरासरी माणूस कुठल्या गल्लीत राहतो? मला तो कधी भेटलेला नाही. मला भेटले ते चोवीस तास शॉवर चालू असणाऱ्या बाथरूमवाले, आणि पहाटे चारला उठून कळशी धरून बसणारे. दोघांची बेरीज करून दोनाने भागलं की शहर सुखी दिसतं.

शिवाय हा फरक केवळ नशिबाने पडलेला नाही. तो आखणीतच धरलेला होता. इमारतीत राहणाऱ्याला माणशी १३५ लिटर आणि झोपडपट्टीत राहणाऱ्याला ४५ लिटर, असा हिशेब वर्षानुवर्षं धरला गेला. पंचेचाळीस लिटर म्हणजे एका माणसाचं पिणं, स्वयंपाक, भांडी, कपडे, आंघोळ आणि संडास मिळून साधारण तीन हंडे. तापाने फणफणलेलं मूल घरात असेल, बाळंतीण असेल, तर त्यात काहीच भागत नाही. आखणी करणाऱ्या माणसांत वाईट कुणी नव्हतं. पण झोपडीतल्या माणसाला कमी पाणी लागतं, हे त्यांनी कुणालाही न विचारता गृहीत धरलं होतं. दर माणसागणिक ९० लिटरचा तो फरक मग पाइपाच्या जाडीत उतरला, टाकीच्या आकारात उतरला, व्हॉल्व्ह किती वेळ उघडा ठेवायचा त्यात उतरला. आणि एकदा जमिनीखाली गेलेला पाइप पन्नास वर्षं तरी बदलत नाही.

हे प्रत्यक्षात कसं दिसतं ते एका वस्तीवरून सांगते.

टेकडीचा उतार. पायथ्याशी रस्ता, रस्त्याखाली मेन लाइन. तिथून निघालेले बारीक पाइप गटाराच्या कडेकडेने, कुठे गटारातूनच, पायऱ्यांखालून वर चढलेले. पाच-दहा घरांनी मिळून जोडणी घ्यायची, एकाने सचिव व्हायचं, बिल त्याच्या नावावर यायचं, त्याने घरटी पैसे गोळा करून भरायचे, अशी तिथली पद्धत. प्रत्येक गटाने जोडणी मिळाली तसा आपापला पाइप टाकलेला. त्यामुळे पायथ्याशी वीस-पंचवीस पाइपांचा जुडगा, आणि वर जाईल तसा तो विरळ होत गेलेला. वरच्या टोकाच्या घरांना पाइप सगळ्यात लांब, म्हणजे खर्च सगळ्यात जास्त, म्हणून पाइप सगळ्यात बारीक.

पाण्याची वेळ पहाटे साडेचारची. चावीवाले काका सायकलवरून यायचे, रस्त्यातलं झाकण उचलायचे, लांब दांड्याची चावी आत घालून व्हॉल्व्ह उघडायचे. किती आटे फिरवायचे हे त्यांच्या हाताला ठाऊक होतं. मी पायथ्याच्या एका नळाला दाबमापक लावून बसलेली असायचे. व्हॉल्व्ह उघडला की काटा थरथरत वर चढायचा आणि दोन किलोच्या थोडा पुढे जाऊन थांबायचा. एक किलो दाब म्हणजे दहा मीटर चढ. वस्तीचं वरचं टोक पायथ्यापासून साधारण पंधरा मीटर उंच. म्हणजे कागदावर वरच्या घराच्या नळातून धार पडायला हवी होती.

मग घराघरांतल्या पाणी खेचायच्या मोटारी सुरू व्हायच्या. आधी एक, मग दोन, मग सगळ्या गल्लीतून घरघर. काटा खाली यायला लागायचा आणि पाच-सात मिनिटांत दीडच्याही खाली. मी दुसरा मापक घेऊन वरच्या टोकाला जायचे. तिथे काटा शून्यावरून हलतच नसे. नळाच्या तोंडाला तळहात लावला तर हात आत ओढला जातोय असं जाणवायचं. खालच्या मोटारी त्या पाइपातून पाण्याऐवजी हवा खेचत होत्या. गटारातून गेलेल्या पाइपाला कुठे भेग असेल तर हवेबरोबर गटाराचं पाणीही आत येणार. म्हणून त्या गल्लीत पहिलं पाणी ओतून टाकायची रीत होती. पाण्यात क्लोरिन उरलंय का हे बघायची ओटी टेस्ट आम्ही करायचो. बाटलीत थेंब टाकला की पाणी पिवळं व्हायला हवं. पायथ्याशी छान पिवळं व्हायचं, वर मात्र पुष्कळदा पाण्यासारखं पाणीच राहायचं.

वरच्या घरातल्या मावशी म्हणाल्या, “ताई, पाणी येतं ना. आवाज येतो त्याचा. नळ फुसफुसला की कळतं, खाली पाणी आलं. मग हंडे घेऊन उतरायचं.”

रोज पहाटे त्या आणि त्यांच्या सुनेच्या, पोरींच्या फेऱ्या चालायच्या. खालच्या कुणाचं भरून झालं की त्यांनी नळी द्यायची, ती मिळेस्तोवर ओट्यावर बसायचं. न मिळालं तर कॅन विकत. पस्तीस लिटरचा कॅन तीस रुपयांना पडत असेल, तर हजार लिटरला साडेआठशे रुपये होतात. पालिकेचा घरगुती दर त्या काळात हजार लिटरला दहा रुपयांच्याही आत होता. शहरात सगळ्यात महाग पाणी कोण पितं, याचं उत्तर या दोन आकड्यांत आहे.

त्या वस्तीत दाब पुरेसा होता, तो वाटेत खाल्ला जात होता. पाइपाच्या शास्त्रात एक गोष्ट आहे, जी मी तेव्हापासून प्रत्येक बैठकीत सांगत आले. पाइपाचा व्यास निम्मा केला, तर तेवढंच पाणी न्यायला दाबातली घट सुमारे तीसपट होते. उलट बाजूने सांगायचं तर एका चार इंची पाइपातून जेवढं पाणी जातं, तेवढं न्यायला एक इंची पाइप तीस-पस्तीस लागतात. गरीब माणूस एकेकटा पाइप टाकतो, कारण त्याला तेवढंच परवडतं. आणि एकेकट्याने टाकलेला पाइप सगळ्यात महाग आणि सगळ्यात कुचकामी ठरतो. चार इंची पाइप टाकणं हे एकेका घराचं कामच नाही. ते सगळ्यांनी मिळून, म्हणजे शहराने करायचं काम आहे. सार्वजनिक सोय का लागते, याचा याहून स्पष्ट पुरावा मी पाहिलेला नाही.

आम्ही सुचवलं ते असं: पायथ्यापासून थेट वरच्या टोकापर्यंत एकच चार इंची लाइन न्यायची, आणि तिच्यातून वरून खाली जोडण्या द्यायच्या. वरच्या घरांना आधी, खालच्यांना नंतर. मोटारी बंद.

बैठक गणपती मंडळाच्या शेडमध्ये झाली. खालच्या गल्लीतले एक काका उभे राहिले. म्हणाले, “आम्ही जोडणीला पैसे भरलेत, बिल वेळेवर भरतो. आमचं पाणी वर कशाला द्यायचं?” प्रश्न रास्त होता, आणि त्यांना स्वार्थी ठरवून पुढे जाणं चुकीचं झालं असतं. इतकी वर्षं ज्या माणसाने आपल्या घामाने पाणी मिळवलं, त्याला ते जाईल अशी भीती वाटणारच. मी त्यांना पहाटे पायथ्याला बोलावलं. मापकाचा काटा दाखवला. मोटारी लागल्यावर तो कसा पडतो ते दाखवलं. शेजारीच उभी असलेली एक भाजीवाली ताई म्हणाली, “मग एक दिवस सगळ्यांनीच मोटर बंद करून बघू या ना.”

त्या दिवशी मोटारी बंद राहिल्या. खालच्या गल्लीत धार जराशी बारीक झाली, पण थांबली नाही. सगळ्यांचं भरून झालं, फक्त थोडा जास्त वेळ लागला. आणि वर, त्याच बारीक पाइपांतून, करंगळीएवढी का होईना, धार पडली. त्यानंतर मन वळवायला फारसे कष्ट पडले नाहीत. मोटारीचं वीजबिल वाचणार हेही खालच्यांच्या लक्षात आलं. पाइपासाठी लोकप्रतिनिधीच्या निधीतून पैसे मिळाले, खोदाईची आणि जोडणीची परवानगी रीतसर घेतली. नवी लाइन सुरू झाल्यावर वरच्या टोकाला चार-पाच मीटर दाब मिळू लागला. सात मीटरचा निकष तिथे अजूनही पुरा होत नाही. पण मावशींच्या घरातला हंडा त्यांच्या घरातल्या नळाने भरतो, आणि सुनेला सकाळच्या पाळीचं काम धरता आलं.

समान वाटप आणि न्याय्य वाटप यांतला फरक मला या गल्लीने शिकवला. पायथ्याच्या आणि टोकाच्या घराला एकाच जाडीचा पाइप आणि एकच वेळ दिली, तर ते समान झालं. पण चढ दोघांना सारखा नाही. टोकाच्या घराला आधी आणि जाड पाइपाने पाणी दिलं, तेव्हा कुठे दोघांच्या हंड्यात सारखं पाणी पडलं. ज्याची वाट चढाची आहे त्याला जास्त द्यावं लागतं, तेव्हा शेवटी सारखं होतं. याला उपकार म्हणायचं कारण नाही. गणितच तसं आहे.

पाण्याबरोबर वेळेचाही हिशेब मांडावा लागतो, आणि तो कुठल्याच नकाशावर नसतो. गोवंडीकडच्या एका वस्तीत पाणी सकाळी नऊच्या सुमारास यायचं. जवळच्या दवाखान्याची बाह्यरुग्ण तपासणीही सकाळचीच. बायका म्हणायच्या, पाणी सोडून दवाखान्यात गेलं तर दिवसभर घर कोरडं, आणि पाणी भरून गेलं तर केसपेपरची खिडकी बंद. अंतराच्या हिशेबात तो दवाखाना वस्तीच्या अगदी जवळ होता. अर्धा किलोमीटरचं वर्तुळ काढलं की वस्ती आत यायची आणि ‘सोय उपलब्ध’ अशी नोंद व्हायची. वर्तुळाला मधला महामार्ग दिसत नाही, रेल्वेचे रूळ दिसत नाहीत, आणि पाण्याची वेळ तर मुळीच दिसत नाही. गोवंडी ज्यात येते त्या एम-पूर्व विभागाला मुंबईच्या २००९ च्या मानव विकास अहवालात सगळ्यात खालचं स्थान मिळालं होतं. शहराचा कचरा १९२७ पासून याच भागातल्या देवनारला येतो. शहराने नको असलेलं सगळं जिथे नेऊन टाकलं, तिथेच हवं असलेलं सगळ्यात शेवटी पोचलं.

बागांचंही तसंच. दुपारी बंद असणारी बाग ही घरकाम करणाऱ्या बाईच्या आणि दुपारच्या उन्हात पत्र्याच्या खोलीत भाजणाऱ्या मुलांच्या कामाची नाही, कारण त्यांचा मोकळा वेळ दुपारचा. सार्वजनिक शौचालयांची तर गोष्टच वेगळी. पुरुषांना मुतारी फुकट आणि बाईला मात्र पैसे मोजावे लागायचे, हे बदलावं म्हणून मुंबईत २०११ पासून ‘राइट टू पी’ची मोहीम चालली, तेव्हा अनेकांना तो क्षुल्लक विषय वाटला. ज्या बाया दिवसभर बाहेर राहायचं म्हणून सकाळपासून पाणीच पीत नाहीत, त्यांना तो क्षुल्लक वाटला नाही. स्वच्छ भारत अभियानाच्या निकषांत सामुदायिक शौचालयात ३५ पुरुषांमागे एक आणि २५ स्त्रियांमागे एक आसन धरलेलं आहे. स्त्रियांना वेळ जास्त लागतो, म्हणून आसनं जास्त. हा निकष मला आवडतो, कारण गरज वेगळी असेल तर वाटाही वेगळा असावा, हे तिथे शासनाच्याच कागदावर मान्य झालं आहे. पण आसनं मोजून भागत नाही. नळाला पाणी नसलेलं शौचालय आकड्यात एक सोय असतं आणि वस्तीत एक दुर्गंधी असते.

दवाखान्यांच्या बाबतीत अलीकडे एक चांगली गोष्ट झाली. २०२२ मध्ये मुंबईत ‘आपला दवाखाना’ या नावाचे दवाखाने सुरू झाले, ते रात्री दहापर्यंत उघडे ठेवायचं ठरलं. कामावरून परतलेल्या माणसाला मजुरी न बुडवता औषध घेता यावं, एवढा साधा विचार त्यामागे होता. वेळ बदलली की तीच सोय किती वेगळ्या माणसांपर्यंत जाते, हे त्या दवाखान्यांच्या संध्याकाळच्या रांगांत मी पाहिलं.

आता त्या प्रश्नाकडे येते, जो मला प्रत्येक व्याख्यानानंतर विचारला जातो. मॅडम, वस्ती बेकायदा असेल तर तिला सोयी का द्यायच्या? मुंबईत याचं उत्तर बराच काळ एका तारखेने दिलं जायचं. आधी १ जानेवारी १९९५, नंतर १ जानेवारी २०००. त्या तारखेच्या आधी तुम्ही इथे राहत होता याचा कागद दाखवा आणि पाणी घ्या. तारखेनंतर आलेल्याला, तारखेनंतर जन्मलेल्या बाळाला, आणि आगीत किंवा पुरात कागद गेलेल्याला कायदेशीर पाणी नाही. मी कागदांच्या पिशव्या घेऊन बसलेली कितीतरी माणसं पाहिली आहेत. प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं जुनं रेशनकार्ड, मतदारयादीचं पान, फोटोपास. तहान लागल्याचा पुरावा मात्र कुणी मागत नव्हतं.

पाणी हक्क समितीच्या याचिकेवर डिसेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने निकाल दिला. राज्यघटनेच्या एकविसाव्या कलमातला जगण्याचा अधिकार पाण्याशिवाय अपुरा आहे, आणि २००० नंतरच्या वस्त्यांनाही पाणी देण्याचं धोरण महापालिकेने आखावं, असं त्यात होतं. घर अधिकृत आहे की नाही हा वाद पाण्यापासून वेगळा काढला गेला. तारखेच्या मागे धावण्यात ज्यांची वर्षं गेली, त्यांना या निकालाचं मोल किती वाटलं हे मी जवळून पाहिलं. मग धोरण आलं, २०२२ मध्ये ‘सर्वांसाठी पाणी’ची घोषणा झाली. पण निकालापासून नळापर्यंतची वाट लांब निघाली. रेल्वेची, बंदराची, वनखात्याची जमीन असेल तर ना-हरकत दाखला. तो देणारं कार्यालय वेगळं. त्याला पाणीपुरवठ्याशी देणंघेणं नाही.

निकाल आणि नळ यांतलं हे अंतर महाराष्ट्राला नवं नाही. सार्वजनिक पाणवठे अस्पृश्य मानल्या गेलेल्यांना खुले करावेत, हा सी. के. बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळात १९२३ मध्ये मंजूर झाला. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळं खुलं केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला. तरीही २० मार्च १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आपल्या सहकाऱ्यांसह तळ्याच्या काठाशी जाऊन ओंजळीने पाणी प्याले, तोवर तो ठराव कागदावरच होता. त्यानंतरही खटला चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. त्याच्याही आधी, १८६८ मध्ये, जोतीराव फुल्यांनी पुण्यात आपल्या घरचा हौद सगळ्यांना खुला केला होता. पाणी सार्वजनिक आहे असं नुसतं जाहीर करून ते सार्वजनिक होत नाही, कुणीतरी शेवटच्या माणसाचा हात त्याला लागेपर्यंत मागे लागावं लागतं, हे या भूमीने दीडशे वर्षांपूर्वीच ओळखलं आहे. मी करते ते त्याच कामाचं एक लहानसं टोक आहे, असं मी मानते.

दुसरा आक्षेप पाणी पुरण्याचा. सगळ्यांना १३५ लिटर द्यायचं तर पाणी आणायचं कुठून? हिशेब करून पाहू. २०११ च्या जनगणनेनुसार मुंबईत सुमारे ५२ लाख माणसं झोपडपट्ट्यांत राहत होती. त्या सगळ्यांना ४५ च्या जागी १३५ लिटर द्यायचे ठरवले, तर रोज साधारण ४७० दशलक्ष लिटर जास्त लागतील. एकूण पुरवठ्याच्या बारा टक्के. गळती आणि चोरीत याहून जास्त पाणी जातं, असं महापालिकेचेच अंदाज सांगत आले आहेत. म्हणजे नवं धरण बांधण्याआधी फुटके पाइप बदलले, तरी हा फरक भरून निघू शकतो.

आणि नवं धरण म्हटलं की मला शहापूर आठवतं. तानसा आणि भातसा ठाणे जिल्ह्यातल्या शहापूर तालुक्यात आहेत. मुंबईचं बरंचसं पाणी तिकडून येतं. त्याच तालुक्यातल्या गावापाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. जलवाहिनी ज्या शिवारातून जाते तिथल्या बाईच्या डोक्यावर हंडा असतो. शेवटचा नळ शोधत निघालेला अभियंता प्रामाणिक असेल, तर त्याने शहराच्या हद्दीवर थांबू नये. मुंबईच्या जाळ्यातला सगळ्यात शेवटचा नळ कदाचित त्या पाड्यात आहे, जिथे तो अजून बसवलेलाच नाही. शहरातल्या वस्तीला न्याय मागताना मी त्या पाड्यांना विसरले, तर माझा हिशेब सुरुवातीपासूनच कच्चा राहील.

यावर उपाय काय, तर इतक्या वर्षांच्या कामातून मला तीन गोष्टी करण्याजोग्या वाटतात. पहिली, प्रत्येक विभागातल्या शेवटच्या टोकांवर दाबमापक कायमचे बसवावेत आणि त्यांचे आकडे, पाण्याच्या वेळा, ओटी टेस्टचे निकाल लोकांना दिसतील असे लावावेत. सरासरी जाहीर होते तशी टोकाची नोंदही जाहीर व्हावी. दुसरी, विकास आराखड्यात बाग, दवाखाना, शौचालय यांची नोंद करताना ती कुठे आहे याबरोबर ती केव्हा उघडी असते, तिथवर कोण चालत जाऊ शकतं आणि तिथे पाणी आहे का, हेही लिहावं. तिसरी, निधी वाटताना सगळ्या प्रभागांना सारखा हा सोपा मार्ग सोडून ज्या प्रभागाचं टोक सगळ्यात कोरडं आहे तिथून सुरुवात करावी.

हे कुणी ठरवायचं? महाराष्ट्राच्या कायद्यात २००९ पासून क्षेत्रसभेची तरतूद आहे. गावाला ग्रामसभा तशी शहरातल्या मोहल्ल्याला क्षेत्रसभा, जिथे लोकांनी बसून आपल्या सोयींची क्रमवारी ठरवायची. ती बहुतेक ठिकाणी भरतच नाही. मुंबईत तर मार्च २०२२ मध्ये महापालिकेच्या सभागृहाची मुदत संपली आणि पुढची काही वर्षं नगरसेवकही नव्हते. त्या काळात वस्तीतल्या बायकांना तक्रार घेऊन कुठे जायचं हे कळेना. साहेबांच्या दालनाबाहेर बसायचं, आणि साहेब बैठकीत आहेत हे ऐकून परत यायचं. आपल्या गल्लीतल्या पाण्याबद्दल बोलायला हक्काची जागा नसणं, हाही सोयींचाच तुटवडा आहे.

म्हणून हल्ली माझा बराच वेळ वस्त्यांतल्या मुलींना दाबमापक वाचायला शिकवण्यात जातो. दहावी-बारावीच्या मुली आहेत. किलोचे मीटर करायला त्यांना पाच मिनिटं लागतात. पहाटे कुठल्या नळाला किती दाब, किती वाजता आला, किती वाजता गेला, पाणी पिवळं झालं की नाही, हे त्या वहीत लिहितात आणि महिन्याच्या शेवटी ती वही विभाग कार्यालयात घेऊन जातात. “पाणी येत नाही” या तक्रारीला “बघतो” असं उत्तर मिळतं. “आमच्या टोकाला दाब शून्य आहे, तारखा आणि वेळा या” असं म्हटलं की समोरच्या अभियंत्याला खुर्चीत नीट बसावं लागतं, कारण ही त्याचीच भाषा आहे. त्यांतले काही अभियंते आता आपणहून विचारतात, या महिन्याची वही आणली का. कारण त्यांच्याकडेही टोकाची नोंद नसते, आणि चांगलं काम करू पाहणाऱ्याला ती हवीच असते.

इमारतीत राहणाऱ्या वाचकांना माझी एकच विनंती आहे. तुमच्या सोसायटीत नवा पंप बसवायचा ठराव आला, तुमच्या रस्त्यावर नवी लाइन मंजूर झाली, तुमच्या भागात बाग होणार असं कळलं, की सभेत एक प्रश्न विचारा: याच लाइनवरचा, याच प्रभागातला शेवटचा नळ कुठला, आणि त्याला काय मिळणार? तुमचं पाणी याने कमी होणार नाही. त्या टेकडीवरच्या गल्लीत ते कमी झालं नाही. शहर न्यायाने चालतं की नाही, हे ठरवायची एकच जागा आहे, आणि ती तिथे वर, पाइप संपतो तिथे आहे. तिथला आकडा जोवर शून्य आहे, तोवर बाकी सगळ्या आकड्यांवर आपण समाधान मानायचं कारण नाही.